लेपावरचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पिंजरा म्हटलं की तुम्हाला पोपट आठवेल, पण माझ्यात पोपट कधीच बसला नाही. मी तळ्यात तरंगतो आणि कासवं पकडतो. तळ्याभोवती फिरायला येणारी माणसं मला बघून चुकचुकतात, 'बिचारे मुके जीव' म्हणतात आणि पुढे जातात. सकाळी चुकचुकणाऱ्यांपैकी कोण संध्याकाळी झाकणाची बादली घेऊन येतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे मी त्यांचं बोलणं मनावर घेत नाही.

माझा जन्म तळ्याकाठच्या पंपघरात झाला. तिथल्या फिटरने उरलेल्या पाइपांचे चार तुकडे चौकोनात जोडले, मध्ये जाळीची झोळी टांगली आणि बाहेरून जुन्या कपाटाच्या फळ्या उतरत्या बसवल्या. सांध्यांतून पाणी शिरू नये म्हणून त्याने राखाडी लेप लावला. हा लेप कणकेसारखा मळावा लागतो आणि तासाभरात त्याचा दगड होतो. तो ओला असतानाच फिटर प्रत्येक सांध्यावर अंगठा दाबायचा आणि म्हणायचा, "झालं. आता थेंब जायचा नाही." त्याच्या अंगठ्यावर जुन्या जखमेचा आडवा चरा आहे. माझ्या चारही कोपऱ्यांवर तो ठसा अजून तसाच आहे.

माझं काम सोपं आहे. उन्हाला बसायला कासव फळीवरून वर चढतं, कोणी जवळ आलं की दचकून उडी मारतं आणि नेमकं माझ्या झोळीत पडतं. आत ते पोहतं, श्वास घेतं, फक्त गुळगुळीत पाइपावरून त्याला बाहेर येता येत नाही. रोज सकाळी फिटर होडीतून येतो. इथली मूळची तपकिरी कासवं तो तिथल्या तिथे सोडून देतो. ज्यांच्या डोळ्यामागे लाल पट्टा असतो, ती बादलीत जातात.

ही लाल पट्टेवाली दुकानातून येतात. विकताना ती कोटाच्या मोठ्या बटणाएवढी असतात. 'एवढंच राहतं, याला काही लागत नाही,' असं दुकानदार सांगतो, आणि त्यातलं एक अक्षर खरं नसतं. काही वर्षांत ते ताटाएवढं होतं, टाकीचं पाणी वास मारू लागतं आणि अजून पंचवीस-तीस वर्षं जगायचा त्याचा बेत असतो. नव्याचे नऊ दिवस केव्हाच सरलेले असतात. मग घरात ठरतं, की मारायचं तर नाही, मोकळं सोडू. सोडणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. तळ्यात मात्र आयत्या बिळावर नागोबा. उन्हाला बसायचा ओंडका यांचा, गोगलगायी यांच्या आणि काठाची मऊ माती यांच्या अंड्यांची. मी आलो तेव्हा त्या ओंडक्यावर तपकिरी कासवं ओळीने बसायची. आता एखादं दिसलं तरी फिटर वल्हं थांबवून बघत राहतो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पेपरात फोटो आला, शाळेची सहल आली. पुढे फळ्या कुजल्या, अंगावर शेवाळ चढलं, आणि फिटर सोडला तर कोणाला माझी आठवण राहिली नाही. मंगळवारी तो मला धुवायला पंपघरात आणतो. त्याच दिवशी तिथे जनावरांची डॉक्टर येते. ती फिटरचीच मुलगी. पकडलेली कासवं सांभाळायची एक जागा होती, तिथल्या टाक्या कधीच भरल्या. म्हणून ती त्यांना सुई देते. आधी गुंगीची, मग दुसरी, मरणाची. तुम्ही लहान आहात म्हणून हे लपवणार नाही, कारण लपवल्यानेच सगळं झालं आहे.

एका मंगळवारी एक बाई आल्या. आपण सोडलेलं कासव तुमच्या बादलीत असेल, ते परत द्या, म्हणून रडू लागल्या. डॉक्टरने त्यांना पाणी दिलं आणि समजावलं, की परत देता येत नाही, कुणालाच नाही. बाई गेल्यावर फिटर बादली विसळत म्हणाला, "आधी सोडायचं आणि मग रडायचं."

पुढच्याच मंगळवारी माझ्या झोळीत एक म्हातारी मादी सापडली. सहा वर्षं तिने मला हुलकावणी दिली होती. फिटरने तिला उचललं आणि तो होडीत तसाच बसून राहिला. तिच्या पाठीच्या मागच्या कडेला जुना तडा होता. तड्यात राखाडी लेप, लेपावर अंगठ्याचा ठसा, आणि ठशात आडवा चरा. मला कोणी सांगायची गरज नव्हती. फिटरने काठावरचा चिखल घेऊन त्या लेपावर थापला आणि तिला बादलीत सगळ्यांच्या खाली ठेवलं.

पण डॉक्टर वजन करण्याआधी प्रत्येक कासव धुते. चिखल गेला आणि तिचा हात थांबला.

"बाबा, ही बटण आहे."

बटण म्हणजे तिचं लहानपणचं कासव. ती आठ वर्षांची असताना बाल्कनीचं दार लागून बटणची पाठ तडकली होती, आणि बाबाने पाइपाचा लेप लावून ती सांधली होती. दोन वर्षांनी बटण टाकीत मावेना, तेव्हा बाबाने सांगितलं, की साहेबांच्या बंगल्यात मोठा हौद आहे, तिथे ती मजेत राहील. पोरीने वर्षभर बटणसाठी चित्रं काढली. बाबा ती 'पोचवत' राहिला.

"साहेबांचा हौद कुठे होता?" तिने विचारलं.

"हौद नव्हता," फिटर म्हणाला. "मारवत नव्हतं गं. वाटलं, एवढं मोठं तळं, एकाने काय होतंय?"

मुलीने बटणच्या मागच्या पायापाशी बोटं घालून पोट चाचपलं. आत अंडी होती. "एकाने," ती एवढंच म्हणाली.

"घरी नेऊ. मी सांभाळीन. कोणाला कळायचं नाही."

"त्या बाईंना मी काय सांगितलं, तू ऐकलंस ना?"

फिटर स्टुलावर बसला आणि त्याने बटणला मांडीवर घेतलं. मुलीने सुई भरली. दोन्ही सुया होईपर्यंत त्याचा अंगठा त्याच ठशावर होता. मग मुलीने हात धुतले, बराच वेळ धुतले.

याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. बटणने दुकान थाटलं नव्हतं, की हौदाची थाप मारली नव्हती. त्या दिवशी मला माझ्या कामाची लाज वाटली. पण ओंडक्यावर एकच तपकिरी कासव उरलं होतं, म्हणून काम बंद पडावं असंही वाटलं नाही. लाल पट्टेवाली विकायला आता बंदी आहे. दुकानदाराने त्यांच्या जागी पिवळ्या पट्ट्याची ठेवली आहेत. ती पण एवढीच राहतात म्हणे. गेल्या आठवड्यात त्यांतलं पहिलं माझ्या झोळीत आलं.

परवा माझा एक सांधा गळू लागला. फिटरने लेप मळून लावला आणि पत्र्याच्या पट्टीने सपाट केला. अंगठा लावला नाही. 'झालं' असंही म्हणाला नाही.

मित्रांनो, दुकानात तो बटणाएवढा जीव बघून हट्ट धरण्याआधी आपलं वय मोजा. तुम्हाला मुलंबाळं होतील तेव्हाही तो टाकीतच असेल. तेवढं निभणार नसेल तर त्याला घरी आणू नका, आणि आणलंत तर शेवटपर्यंत सांभाळा. आणि एके दिवशी शाळेतून आल्यावर टाकी रिकामी दिसली, घरातलं मोठं माणूस मान वळवून म्हणालं, की ते आता एका मोठ्या हौदात मजेत आहे, तर चित्रं काढत बसू नका. चपला घाला आणि म्हणा, मला तो हौद दाखवा.