एकदा होऊन गेलेला खोकला

कोचबाईंना आजी व्हायला अजून चार आठवडे होते, पण त्यांचे पाय आत्ताच जमिनीवर ठरत नव्हते. पोहण्याच्या तलावावर येणाऱ्या प्रत्येकाला ही बातमी दोनदा तरी ऐकवून झाली होती, तिकीट खिडकीवरच्या माणसाला तर पाचदा. नातवंडाला पाण्यात कधी उतरवायचं, आधी तरंगायला शिकवायचं की पाय मारायला, सगळं ठरलं होतं. फक्त नातवंडालाच काय ते विचारायचं बाकी होतं.

वय अठ्ठावन्न, आवाज असा की या टोकाला ओरडल्या तर त्या टोकाचं मूल पाण्याखाली दचकायचं. आजारपणाची रजा त्यांनी आयुष्यात घेतली नव्हती, आणि ही गोष्टही त्या न विचारता सांगत.

रविवारी त्या लेकीकडे गेल्या. तिच्या पोटाला कान लावून बाळाशी गप्पा मारत बसल्या असताना लेक म्हणाली, "आई, ती लस घेतलीस का गं?"

"कसली?"

"डांग्या खोकल्याची. बाळाला जो कोणी हातात घेणार, त्याने घ्यायची म्हणाल्यात डॉक्टर. आम्ही दोघांनी घेतली."

"दंड दोन दिवस दुखला, बाकी काही नाही," जावई स्वयंपाकघरातून म्हणाला.

"अरे, मला सातव्या वर्षीच झालाय तो! चांगला शंभर दिवस. आता पुन्हा माझ्या दारात उभं राहायची त्याची छाती नाही."

"एकदा झाला म्हणजे जन्मभराची सोय होत नाही, आई. काही वर्षांनी ती ताकद ओसरते."

"ओसरायला मी काय भरतीचं पाणी आहे?"

लेक हसली, पण लगेच गंभीर झाली. "तुझं सोड. बाळाला पहिली लस मिळेपर्यंत दीड-दोन महिने जातात. तोवर त्याची काळजी आपणच घ्यायची ना?"

"बघू," कोचबाई म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'चा अर्थ त्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. मग त्या दोनदा खोकल्या. "तलावातलं क्लोरीन, दुसरं काय," त्यांनी लगेच सांगून टाकलं.

आठ दिवसांनी तलावावर स्पर्धेची निवड चाचणी होती. सगळे जिला बेडकी म्हणत ती अकरा वर्षांची मुलगी तलावाचा जुना विक्रम मोडायच्या बेतात होती. शेवटचे दहा मीटर! पोरं बाकांवर उभी राहून किंचाळत होती, आणि कोचबाई काठाने धावत ओरडत होत्या, "मार पाय! मार! श्वास नको घेऊ आता!"

आणि त्यांचाच श्वास अडकला. एकामागून एक अशी खोकल्याची उबळ आली की त्या गुडघ्यांवर बसल्या. डोळ्यांतून पाणी, तोंड लालबुंद. शेवटी हवा आत ओढली तेव्हा घशातून लांबलचक, किरटा आवाज निघाला. बेडकीने विक्रम मोडला, जल्लोष झाला, पण कोचबाईंच्या कानात तो आवाजच घुमत राहिला. पन्नास वर्षं झाली होती, तरी त्यांनी तो ओळखला.

त्या तशाच ओल्या चपलांनी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेल्या. घशातला नमुना तपासायला गेला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. डांग्या खोकलाच.

"पण मला झालेला होता हो!"

"पन्नास वर्षांपूर्वीची पुण्याई ती, कधीच सरली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता औषधाचे पाच दिवस पुरे होईपर्यंत कोणाच्या जवळ जायचं नाही. तुमचं खोकल्यावर भागेल, पण तान्ह्या बाळाचा यात श्वासच थांबू शकतो. घरात बाळ आहे का?"

कोचबाईंना तो रविवार आठवला. पोटाला कान लावून आपण खोकलो होतो. त्यांनी बाहेर येऊन लेकीला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"ठीक आहे," लेक म्हणाली. "मी लगेच माझ्या डॉक्टरांशी बोलते."

लेक-जावयाला खबरदारीची औषधं सुरू झाली. लेकीने गरोदरपणात लस घेतलेली, त्यामुळे बाळाला जन्मतःच तिचं थोडं कवच मिळणार होतं. कोचबाईंनी मग तलावावरच्या एकतीस मुलांच्या घरी एकेक करून स्वतः फोन केला. "माझ्यामुळे झालंय," असंच सुरुवातीला म्हणत. एका मुलाचे वडील अद्वातद्वा बोलले. त्यांचं पुरतं ऐकून घेऊन कोचबाईंनी पुढचा नंबर लावला.

औषधाचा तिसरा दिवस, सकाळचे दहा. फोन वाजला. "आई, निघालोय! हॉस्पिटलला!" जावयाचा आवाज चिरकत होता. अडीच आठवडे आधीच!

कोचबाईंनी मास्क चढवला आणि धावत सुटल्या. पण आत जायचं नव्हतं. समोरच्या फुटपाथवर, माणसांपासून लांब, झाडाला टेकून त्या तीन तास उभ्या राहिल्या. बसवलंच नाही. एकदाची दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. जावयाने पांढऱ्या दुपट्यातलं गाठोडं अलगद वर धरलं आणि ओरडला, "मुलगी!"

कोचबाई उड्या मारू लागल्या. हात हवेत असे फिरवत होत्या, जणू रस्ता पोहून पार करणार आहेत. हॉस्पिटलचा पहारेकरी धावत आला. "काय झालं बाई?"

"आजी झाले! तिथंच थांबा, जवळ येऊ नका! दोन दिवस मी लांबचीच आहे!"

तो तिथूनच खदखदून हसला आणि त्याने दोन्ही हात जोडले.

सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. कोचबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, मास्क नीट केला, तरी लेकीच्या पलंगापासून चार पावलांवर अडखळल्या.

"ये ना," लेक म्हणाली. "तुझ्यावर मला खूप रागवायचंय."

"रागव की."

"ती झोपलीय गं. उद्या रागावते."

"चालेल. मी पूर्ण बरी झाले की लस घेतेय. एकदा झाला तरी घ्यावीच लागते म्हणतात. तलावावर काम करणाऱ्या अकराही जणांना घेऊन जाणार आहे. तो आडदांड जीवरक्षक सुईला भितो. त्याचा हात मी धरीन."

लेकीने बाळ आईच्या हातात दिलं. इतकं हलकं! कोचबाईंना ओरडावंसं वाटत होतं, पण त्या कुजबुजल्या, "आधी तरंगायला शिकायचं हं." बाळाने तोंड वाकडं करून एक भलीमोठी जांभई दिली, आणि दोघीही एकदमच हसायला लागल्या.