रिव्हर्समध्ये किल्ल्यावर

हरिश्चंद्राची जपानी गाडी क्लचशिवाय चालते, ही बातमी मांडवीत गाडीच्या आधी पोचली होती. चौऱ्याऐंशीचं नवरात्र होतं. मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीने काढून टाकलेली ती गाडी त्याने हौसेने घेतली, आणि थोरल्या बहिणीला, मथुराक्काला, किल्ल्यावर भगवतीच्या दर्शनाला न्यायचा शब्द देऊन बसला. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आठ वर्षं आक्काने देवी पाहिली नव्हती. उद्या सकाळच्या एष्टीने तो मुंबईला निघणार, तिथून बोटीवर, दहा महिने. म्हणजे आज नाही तर नाहीच.

आणि नेमकी आजच बया हटून बसली! अर्ध्या चढावर इंजिन बोंबलतंय आणि चाकं ढिम्म. दोनदा चढवली, दोनदा घरंगळत पायथ्याशी आली. ओटी भरायला निघालेल्या बायका, फुलंवाले, सगळे तमाशा बघायला थांबले. आक्का मागच्या सीटवर ओटीचं ताट मांडीवर घट्ट धरून बसली होती. लोकांच्या हसण्यापेक्षा तिचं ते ताट धरून बसणं हरीला जास्त लागलं.

गाड्या दुरुस्त करणारा लवू मिस्त्री धावत आला. "गिअरचं तेल बघितलंस?"

"कालच बघितलं. भरलेलं हाय."

बोटीच्या इंजिनावर बारा वर्षं काढलेल्या माणसाला तेल बघायला कोणी शिकवायचं? इंजिन बंद करायचं, गार होऊ द्यायचं, मग तेल मापायची पट्टी काढायची, हा त्याचा नेम. लवूला एवढा धीर कुठला! त्याने इंजिन घरघरत असतानाच पट्टी ओढली. टोकाला नुसता लाल ओशटपणा.

हरीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इंजिन बंद केलं की सगळं तेल खाली उतरतं आणि पट्टी भरल्यासारखी दिसते. या गाडीचं खरं माप इंजिन चालू असतानाच कळतं! त्याने स्वतःलाच एक शेलकी शिवी हासडली. पण ते लाल तेल मुंबईशिवाय मिळणार कुठे?

"मघाशी मागं वळवताना बरी ओढत होती की," लवू म्हणाला. "रिव्हर्समधी घाल. नाक खाली ऱ्हायलं तर उरलंसुरलं तेल पुढं पंपाकडं येईल."

"देवीकडं पाठ करून जायचं?" आक्का पहिल्यांदाच बोलली.

"पाठ गाडीची गो! माझं तोंड देवीकडंच!"

हरीने गाडी फिरवून घेतली, गिअरचा दांडा रिव्हर्समध्ये ओढला, मान मागे वळवली आणि डावा हात सीटवर टाकला. गाडी निघाली! लवू पुढे पळत रस्ता मोकळा करू लागला, "बाजूला व्हा! बाजूला!" बायका ताटं सांभाळत कडेला झाल्या. निम्म्या चढावर, जिथे दोनदा दम तुटला होता, तिथे इंजिन गुरगुरलं, एक हिसका बसला. हरीने पाय आणखी दाबला. गाडी थरथरली आणि पुन्हा ओढू लागली. खाली मांडवीचं बंदर लहान लहान होत गेलं. शेवटचं वळण, आणि देवळाची कमान! लोकांनी एकच गिल्ला केला. हरीला आनंदाने ओरडावंसं वाटलं, आणि तो ओरडलाच.

"आक्का, उतर! आली बघ देवी!"

आक्का हलली नाही. पूर्ण चढभर तिने काचेबाहेर एकदाही पाहिलं नव्हतं.

"जरा थांब. मान वळवू नको," ती म्हणाली. "दरवेळी एष्टीत चढताना तुझी पाठच दिसते मला. आज इतका वेळ तोंड बघायला गावलं."

"अगो, पण देवी..."

"देवी काय पळून जात नाय रे. तूच जातोस."