सामानाची साखळी

शनिवारी सकाळी पोहोचायचे आणि रविवारी रात्री परतीची गाडी धरायची, असा दक्षिणेतल्या देवळांच्या शहराचा बेत आईने आखला होता. आई-वडिलांची तिकिटे मुलाने काढायची होती. पण तो मोबाइल हातात घेऊन नुसताच बसला होता.

"आई, परवा बाबा कोपऱ्यावरच्या दुकानातून येताना हरवले. तिथे तर केवढी गर्दी! भाषाही येत नाही आपल्याला."

"लहानपणी बाजारात तू कितीदा हरवलास? म्हणून घरात कोंडून ठेवलं का तुला?"

"चेष्टा नको. हात सुटला तर काय करशील?"

"लग्न झाल्यापासून ती गोपुरं बघायची म्हणतेय मी. पुढच्या वर्षी यांना मी तरी आठवेन का रे?"

उभी हयात पूल बांधण्यात घालवलेले वडील खिडकीजवळून उठून आत गेले. परतले तेव्हा त्यांच्या हातात गाडीत सामान बांधायची साखळी आणि कुलूप होते.

"हे लाव," मनगट पुढे करत ते मुलाला म्हणाले. "दुसरं टोक हिच्या हाताला. मिटला वाद."

आईने तोंड फिरवले. मुलाने साखळी काढून घेतली.

"ही सामानालाच राहू दे, बाबा. मीही येतो. तिघांची तिकिटं काढतो."

"उत्तम," वडील समाधानाने म्हणाले. "पण जायचंय कुठे?"

मुलाची बोटे मोबाइलवर थबकली. आईने मात्र त्यांचा हात हातात घेतला आणि सकाळपासून सांगत होती तितक्याच शांतपणे पुन्हा सांगितले, "देवळं बघायला."