घाई कशाला, साहेब

माझ्या भावाचा उजवा हात कारखान्याच्या यंत्रात गेला, म्हणून मी निवडणूक लढवली. निवडून आले आणि यंत्रांना संरक्षक जाळी सक्तीची करणारं विधेयक संसदेत मांडलं. ते कामगार समितीकडे गेलं. समितीचे अध्यक्ष गोड हसले. "ताई, इतकं महत्त्वाचं विधेयक! घाई कशाला? नीट अभ्यास करू."

अध्यक्षाने बोलावल्याशिवाय समिती बसत नाही. या गृहस्थांनी बैठक बोलावलीच नाही. सभागृहाची मुदत संपली आणि विधेयक तिथेच मेलं. मी मात्र ते हसणं विसरले नाही.

पुढच्या निवडणुकीत सत्ता फिरली आणि त्याच समितीची अध्यक्ष मी झाले. त्या जुन्या अध्यक्षसाहेबांनी आता आपल्या वडिलांच्या नावाने कामगार विद्यापीठ काढायचं विधेयक मांडलंय. ते माझ्याकडेच आलंय, आणि साहेब माझ्याकडे हेलपाटे घालतायत.

आजही आले. "ताई, हे माझं शेवटचं अधिवेशन. बैठक कधी बोलावताय?"

मी गोड हसले. "इतकं महत्त्वाचं विधेयक, साहेब! घाई कशाला?"

तेवढ्यात माझ्याच कार्यालयात काम करणाऱ्या भावाने त्यांच्यापुढे चहा ठेवला, डाव्या हाताने.

उजव्या हाताने ठेवला असता, तर मी आजच तारीख दिली असती.