बोलता बोलता तातू गेला

माघातली सकाळ. सुवर्णधूसर, मोहोरगंधित, मधमाश्यांच्या गुंजारवाने भारलेली सकाळ. खाडीवरून उन्हे चढत होती, कातळावरून उन्हे चढत होती, आणि आंब्याच्या बागेत येऊन मोहोरात अडकून पडत होती. खाली केशरकणांचा सडा. त्या सड्यावरून जपून पाय टाकत शर्मिष्ठा देऊसकर आली.

ती पुण्याची. चरित्रे लिहायची, पण थोरांची नव्हे, थोरांच्या सावलीत राहून गेलेल्यांची. दिवंगत कादंबरीकार श्रीरंग वालावलकर महाराष्ट्राला तोंडपाठ होते. त्यांच्या मित्रांना मात्र कुणी विचारत नव्हते. कुणी शिंपी, कुणी तबलजी, कुणी पोस्टमन. शर्मिष्ठेने एकेकाला हाताला धरून उजेडात आणले. उरला होता सगळ्यांत जिवलग, बालमित्र तातू मेस्त्री. त्याच्यावाचून तिचे पुस्तक म्हणजे अळणी वरण. त्याचे प्रकरण लिहून झाले होते; घरच्यांचा होकार तेवढा हवा होता.

तातूचा शेवट तिला पाठच होता. वालावलकरांच्या आत्मकथेतले ते वाक्य : ‘बोलता बोलता तातू गेला.’ त्या चार शब्दांवर उभा महाराष्ट्र रडला होता. शर्मिष्ठा तर दर वाचनाला रडायची.

शेणाने सारवलेल्या अंगणात एक हळदगोरी, ठसठशीत कुंकवाची म्हातारी तांदूळ पाखडत होती.

“कैलासवासी तातू मेस्त्रींचं घर हेच ना?” शर्मिष्ठेने आवाज हळवा करून विचारले.

सूप थांबले. उत्तर आले ते आंब्याच्या शेंड्यातून.

“कैलासवासी हयसर वर आसत. जरा थांब, उतरतत.”

आणि फांद्या हलल्या, मोहोर झडला, आणि त्या झडत्या, झुळझुळत्या, पिवळ्या पावसातून एक काटकुळा, उघडाबंब, हसरा म्हातारा खाली आला. शर्मिष्ठेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले.

“मगे मी ह्या कुकू कोणाच्या नावाचा लावतंय गो बाय?” म्हातारीने पदर तोंडाला लावला. हसून हसून तिच्या डोळ्यांना पाणी आले.

“पण... त्यांनी लिहिलंय, तातू गेला...”

“अगो, जेवूक गेललंय!” तातू म्हणाला. “तुमचो श्रीरंग, आमचो शिरगो, बोलूक लागलो की थांबना नाय. माका लागली भूक. मी उठान गेलंय.”

मग हसू ओसरले. शर्मिष्ठेने पिशवीतून प्रकरणाची पाने काढली, छापायला होकार हवा म्हणून सांगितले. तातू ओट्यावर टेकला, म्हणाला, “वाच.” शर्मिष्ठा वाचू लागली. ‘कै. तातू मेस्त्री हे वालावलकरांचे बालमित्र. वालावलकरांना त्यांनी पोहायला शिकवले. वालावलकरांच्या पहिल्या कथेचे ते पहिले श्रोते...’

ऐकता ऐकता तातूचा चेहरा उतरला. मेल्याचे त्याला काही वाटले नव्हते. हे मात्र लागले.

“जो तो म्हणता, शिरग्याचो दोस्त. जन्मभर ता आयकलंय. मगे शिरगो कोणाचो?” तो कलमांकडे पाहत राहिला. “ही सगळी बाग माझ्या हातची. तसा लिवतलंस तर छाप. नायतर माका कैलासवासीच ऱ्हवांदे.”

सावलीतल्या माणसांना उजेडात आणायला निघालेली शर्मिष्ठा, आणि तिने तातूला पुन्हा त्याच सावलीत बसवले होते. तिला मनापासून लाज वाटली.

तिने आधी ‘कै.’ खोडले. मग ओळ खोडली, पान खोडले. मोहोर गळत होता, कागदावर गळत होता, आणि तो फुंकरीने उडवत ती नव्याने लिहीत होती. लिहून झाल्यावर तिने मोठ्याने वाचले :

‘खाडीकाठच्या या बागेतले प्रत्येक कलम तातू मेस्त्रींनी बांधले. त्यांचा श्रीरंग नावाचा एक मित्र होता. तो बोलायचा फार. थोडेफार लिहायचाही.’

तातू खदखदून हसला. हसता हसता डोळे पुसले. “शिरग्या, आयकलंस?” तो मोहोराकडे बघून म्हणाला. “बाय, छाप!”

आणि मग त्याने बालपण उलगडायला घेतले. ती खाडी, ती होडी, त्या चोरलेल्या कैऱ्या. माध्यान्ह कलली तरी तो बोलतच होता. तोच आतून म्हातारीची हाक आली, “जेवूक येवा!”

बोलता बोलता तातू गेला. पाठीवर मोहोर, केसांत मोहोर, पावलांखाली मोहोर. शर्मिष्ठाही मागोमाग गेली. पाने वाढलेली होती.