गंगूताईंचा डब्यातला तंबोरा

या, असं जवळ सरका. कीर्तनाला उशिरा आलेल्या माणसाला आपण मांडी आवरून जागा देतो ना, तशी तुमच्यासाठी केलीय. एक गोष्ट सांगते. देवाच्या नावाची आहे आणि एका मेकॅनिकचीही. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या.

संतराम हिंगोलीत एसटी डेपोमागच्या गल्लीत बसतो. मोबाइल, रेडिओ, देवळातले माइक, जे बंद पडेल ते त्याच्या टेबलावर येतं. माझं तुळशीमाळा-बुक्क्याचं दुकान त्याच्या भिंतीला लागून. त्याच्या सोल्डरचा धूर नि माझा बुक्का, दोन्ही वासांत आमचा दिवस जातो. त्याची एक रीत आहे. स्क्रू काढायच्या आधी वस्तू चालू करायची, डोळे मिटायचे आणि नुसतं ऐकायचं.

नरसीच्या गंगूताई कीर्तनकार त्याच्याकडेच यायच्या. त्यांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा म्हणजे वीतभर डबा, पण चालू केला की चार तारा छेडल्यासारखं वाजायचं. दिवाळीनंतर त्या तो घेऊन आल्या. सोबत पेटी वाजवणारी सून, सुनिता.

"याची जवारी गेलीय," गंगूताई म्हणाल्या.

जवारी म्हणजे तार छेडल्यावर तिच्यात घुमत राहते ती मधमाशीसारखी गुणगुण. संतरामनं डोळे मिटले. त्याला तर ती ऐकू येत होती. पण मागं एकदा भर कीर्तनात डब्याचा सूर केसभर उतरलेला गंगूताईंनीच ओळखला होता, आणि उघडून पाहिलं तर खरंच आत सोल्डरचा एक टाका सुटलेला. त्या कानावर शंका कोण घेणार? त्यानं आपल्याच कानावर घेतली आणि स्पीकर बदलला.

थोड्याच दिवसांत त्या परत आल्या.

"निम्म्या हिंगोलीची नरडी उघडून बसलास, आन माझ्या तंबोऱ्यालाच टाइम न्हाई व्हय?"

त्या हसल्या, तोही हसला. नांदेडहून भारीतला स्पीकर मागवून बसवला. तरी डबा पुन्हा टेबलावर. या खेपेला गंगूताई हसल्या नाहीत. एकादशीला नरसीच्या देवळात कीर्तन होतं, आणि जवारी नसली की सूर कुठं टेकवावा तेच कळत नाही, म्हणाल्या. उद्या येते म्हणून डबा ठेवून गेल्या.

संतरामनं मला हाक मारली. "अक्का, जरा ऐका बरं."

मी कान लावला. गुणगुण भरभरून येत होती, कळशीत पाणी पडावं तशी. मी तसं सांगितलं. त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला. त्या दिवशी त्यानं दुसरं काम हातात घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. आणखी एक पार्ट येऊन राहिला, असं काहीतरी तो सांगू लागला. सुनिता खाली मान घालून उभी होती. ती कधीपासून पेटीचा सूर जरा जोरात धरून सासूला सावरून घेत होती, हे मला तिनं मागाहून सांगितलं. गंगूताईंनी सुनेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"खरं सांग, संतराम. बिघाड कशात हाय?"

"डब्यात न्हाई, माय."

डबा चालूच होता. गंगूताईंनी त्यावर तळहात ठेवला.

"वाजून राहिला ना?"

"व्हय. लई गोड."

त्यांनी हात काढला नाही. सुनिता त्यांच्याजवळ सरकली. मी माळांचा गुंता उगीच सोडवत बसले.

मग डॉक्टर झाले, कानाचं यंत्र आलं. त्यातून माणसाचं बोलणं कळायचं, पण तंबोरा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा यायचा. गंगूताईंनी ते यंत्रही संतरामकडे आणलं. त्यानं ते कानाला लावून डोळे मिटले, आणि यंत्र न खोलताच त्यांच्या हातात परत दिलं.

एकादशीला गंगूताई उभ्या राहिल्या नाहीत. देवापुढं अर्धा सूर न्यायचा नसतो, एवढंच म्हणाल्या आणि आपलं उपरणं सुनेच्या कमरेला स्वतःच्या हातानं बांधलं. त्याच्या आदल्या दिवशी संतरामनं डबा मागून घेतला होता. त्यानं त्यात बारका लाल दिवा बसवला. तार वाजली की तो उजळतो, मग गुणगुण ओसरेल तसा हळूहळू विझतो.

आता सुनिता कीर्तन करते. गंगूताई कानातलं यंत्र काढून पहिल्या ओळीत बसतात, डोळे त्या लाल दिव्यावर. नामाचा गजर सुरू झाला की शेजारणींचे हात पाहून टाळी देतात, म्हणून त्यांची टाळी अर्धा ठोका मागं पडते. मागं बसलेली पोरं कधी कधी हसतात. संतराम खांबाजवळ बसलेला असतो. तो त्यांच्याच टाळीबरोबर टाळी देतो.

तुम्ही कुठंही कीर्तनाला बसाल, आणि पुढं कुणा म्हातारीची टाळी मागं पडताना दिसेल, तर हसू नका. आपली टाळी क्षणभर थांबवा, आणि आमच्या गंगूताईंची आठवण काढा.