आठवा नंबर

रंजनीअक्काला संघातून काढलं तेव्हा मॅनेजर म्हणाला होता, "रेस गाडी जिंकते, मॅडम. बाई नाही." हसत हसत म्हणाला, हातातला चहासुद्धा खाली न ठेवता. मी शेजारीच उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. अक्काने मात्र ग्लोव्ह्ज बॅगेत कोंबले, चेन लावली आणि निघाली. मी तिच्या जागी असते तर तो चहा त्याच्या पांढऱ्या शर्टावर गेला असता.

श्रीरंजनी दोनदा राष्ट्रीय टुरिंग कार चॅम्पियन झाली होती. तिसऱ्या वर्षीही अर्धा सीझन संपला तेव्हा तीच आघाडीवर होती, आणि अशा बाईला त्यांनी काढलं. कारण सांगितलं ते असं की संघाला तरुण चेहरा हवा. तो चेहरा म्हणजे पुण्याचा कुशल, वय बावीस, वडिलांचे दोन कारखाने. पोरगा वाईट नव्हता, गाडी फार सुंदर चालवायचा. पण त्याच्याकडे नवी गाडी होती आणि आता अक्काकडे गाडीच नव्हती.

गाडी दिली तिच्या वडिलांनी. अप्पाजींचं गॅरेज एग्मोर स्टेशनच्या मागे, पुदुपेट्टैच्या जुन्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारात. घराणं तंजावरचं. तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या लोकांची मराठी ते बोलतात, आणि साताऱ्याहून आलेल्या मला सुरुवातीला ती ऐकून हसू आवरायचं नाही. मी ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. एका रविवारी गिअरचा एक सुटा भाग शोधत त्यांच्या दारात गेले, स्वतःशीच मराठीत चरफडले, आणि आतून आवाज आला, "कोण ते अमच्या भाषेंत शिव्या देतंय?" तेव्हापासून माझे सगळे रविवार त्या गॅरेजात जायचे. हळूहळू मी रेसच्या दिवशी पिटच्या, म्हणजे ट्रॅकलगत गाडी सांभाळायच्या जागेच्या, कठड्यावर उभी राहून पाटी दाखवणारी झाले. आमच्याकडे रेडिओ नव्हता. अक्का समोरून जाताना मी पाटीवर ती कितवी आहे तो नंबर धरायचा, एवढाच आमचा संवाद.

अप्पाजींची ती गाडी सरावाची, जुनी. वळणांवर शहाण्यासारखी वागायची, पण सरळ रस्ता आला की हिचा जीव जायचा. इंजिन त्यांनी तीनदा खोललं, तीनदा बांधलं, आणि प्रत्येक वेळी ते तितकंच मंद निघालं. अक्का त्या गाडीत कधी चौथी यायची, कधी पाचवी. कुशल जिंकत राहिला. आघाडी वितळत वितळत नखाएवढी उरली आणि आम्ही इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर शेवटच्या दोन रेससाठी पोचलो. एक शनिवारी, एक रविवारी.

"मी हे हरले तर तो मॅनेजर म्हटला तेच खरं," अक्का मला शुक्रवारी म्हणाली. "मग मी गाडीत बसायचं नाही, अर्चना. लोकं म्हणतील, बघा, गाडी काढून घेतली आणि ही कोण उरली."

आता इथे एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच फिरलं. शनिवारच्या रेसमधले पहिले आठ रविवारी उलटे उभे करतात. शनिवारी जो जिंकला तो रविवारी आठवा सुटतो, आणि शनिवारी आठवा आलेला सगळ्यांच्या पुढे. प्रेक्षकांना मजा यावी म्हणून केलेला नियम. सगळ्या ड्रायव्हरांना तो पाठ असतो, पण आठवा यायचा विचार कोणी उघड बोलून दाखवत नाही. चॅम्पियन तर नाहीच नाही.

अक्का बोलली. शनिवारी सकाळी इडली खाताना, अप्पाजी ऐकत असतानाच. "मी आज आठवी येणार. ह्या गाडीतून त्यांच्या पुढे जाणं मला जमणार नाही. पण मी पुढे असले तर त्यांना मागे ठेवणं जमेल."

अप्पाजींनी हातातली इडली तशीच ताटात ठेवली. "फ्लॅग समोर दिसताना पाय काढाचा? अमच्या घरांत हे कोणी केलं नाहीं."

"तुमच्या घरात रेस मी एकटीच करते, अप्पा."

ते उठून गेले. गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवायचं काम दर वेळी त्यांचं असायचं. त्या दिवशी ते मलाच करावं लागलं.

शनिवारची रेस बघून माझे केस पांढरे झाले असं मी अजून सांगते. सुरुवातीला अक्का चौथी होती. मग तिने एकेकाला जाऊ दिलं, इतकं बेमालूम की वाटावं गाडीच दमली. मी पाटीवर पाच लावला, सहा लावला, सात, आणि शेवटचा लॅप, शेवटची फेरी, सुरू होताना आठ. कुशल पुढे आरामात जिंकत होता. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि तेवढ्यात पुढच्या एका गाडीच्या बॉनेटखालून धूर निघाला. गाडी बाजूला गेली. अक्का सातवी झाली.

पाटी दाखवायची वेळ टळून गेली होती. धूर तिनेही पाहिला असणार, कारण शेवटच्या वळणातून बाहेर येताच ती मंदावली. मागे कोइंबतूरचा रंगा होता. तो आता आठवा. त्याने पुढे जायला हवं होतं, पण तोही मंदावला. त्यालाही आठवाच यायचं होतं.

रेस संपवणाऱ्या चेकर्ड फ्लॅगसमोर दोन रेसिंग गाड्या चालल्या होत्या, दारात आलेले पाहुणे "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करतात तशा. प्रेक्षकांत आधी हशा पिकला, मग शिट्ट्या. कोणीतरी तमिळमध्ये ओरडलं की अक्का, पेट्रोल हवं का. अक्का जवळपास थांबलीच. रंगाही तिच्या बरोबरीने जवळपास थांबला, आणि त्याने आरशात पाहिलं तर मागून नववी गाडी सुसाट येत होती. ती दोघांच्याही पुढे गेली असती तर आठवा कोण आणि नववा कोण, आणि नववा म्हणजे उलट्या रांगेतून बाहेर. रंगाचा धीर सुटला. त्याने ॲक्सिलरेटर दाबला आणि सातवा गेला. अक्का त्याच्या मागून, त्या तिसऱ्या गाडीच्या नाकासमोरून रेषा ओलांडून गेली.

आठवी.

मला नाचावंसं वाटत होतं, पण अप्पाजींचं तोंड पाहून नाचले नाही. लोक त्यांच्या मुलीला हसत होते. ते गाडीखाली शिरले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

शनिवारच्या विजयाने कुशल गुणांत पुढे निघून गेला होता. आता अक्काला रविवारची रेस जिंकायची होती आणि शिवाय कुशल तिसरा किंवा त्याच्याही मागे राहायला हवा होता. ती जिंकली आणि तो दुसरा आला, तर चॅम्पियन तोच. एका मंद गाडीतून स्वतः पहिलं यायचं आणि वर दुसरा कोण येतो तेही ठरवायचं. मी हे अप्पाजींना समजावून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे देवावर टाकाचं."

रविवारी लिंबं मात्र त्यांनीच ठेवली.

अक्का सगळ्यांच्या पुढे, शेजारी रंगा, कुशल आठवा. सुटताना ती अशी निघाली की पहिल्या वळणात रंगाला तिचा मागचा बंपरच दिसला. पुढचे लॅप मी श्वास धरून पाहिले. सरळ रस्त्यावर रंगा तिच्या बरोबरीला यायचा, कधी अर्धी गाडी पुढेसुद्धा, पण वळणाची आतली बाजू तिची असायची आणि तिथे तिला हलवायची कोणाची ताकद नव्हती. ब्रेक ती इतक्या उशिरा मारायची की माझा पाय आपोआप सिमेंटवर दाबला जायचा. मागे बाकीचे एकमेकांत भांडत होते, आणि त्या भांडणातून कुशल एकेक जण पार करत येत होता. सातवा, पाचवा, तिसरा. मग त्याने रंगालाही मागे टाकलं.

दुसरा.

कुशलच्या पिटमध्ये टाळ्या सुरू झाल्या. तो मॅनेजर स्वतः कठड्यावर आला आणि त्याने पाटी बाहेर धरली: पी टू, ओके. म्हणजे आहेस तिथे राहा, विजेतेपद आपलंच. माझ्या पाटीवर काय लिहायचं मला सुचेना. पहिली, हे तिला माहीत होतं. मागे कुशल, हेही आरशात दिसत होतं. मी नुसता एक लावला आणि पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

शेवटचा लॅप. शेवटून दुसरं वळण आमच्या कठड्यावरून स्वच्छ दिसतं. प्रत्येक लॅपला अक्का तिथे आतली बाजू बंद करून जायची. या वेळी तिने ती उघडी सोडली, एक अख्खी गाडी मावेल एवढी. "दमली," मी मोठ्याने म्हणाले. अप्पाजींनी माझा दंड धरला, इतका जोरात की दोन दिवस वळ होता.

कुशलला तिथे जायची काही गरज नव्हती. मागे राहिला असता तर तो चॅम्पियन होता, पाटीवर लिहिलं होतं तेच. पण बावीस वर्षांच्या पोराला दोनदाची चॅम्पियन समोर दिसत होती आणि शेजारी उघडं दार दिसत होतं. तो घुसला. फार वेगात घुसला. ब्रेक मारताच पुढची चाकं जाम झाली, टायरांतून निळा धूर निघाला आणि त्याची गाडी सरळ बाहेरच्या मातीत घसरत गेली. अक्का त्याची वाटच बघत होती. तिने वळण मुद्दाम उशिरा घेतलं होतं. तो बाहेर गेला तशी ती आतून निघाली, आणि तिच्या पाठोपाठ रंगा. कुशलने गाडी मातीतून वर काढली तोवर दोघं सरळ रस्त्याला लागले होते.

श्रीरंजनी पहिली. रंगा दुसरा. कुशल तिसरा.

मी काय केलं ते मला आठवत नाही. सांगतात की मी पाटी ट्रॅकच्या दिशेने फेकली आणि एका अनोळखी पोलिसाला मिठी मारली. लोक कठडा ओलांडून आत आले होते. काल शिट्ट्या मारणारे तेच लोक आज तिचं नाव घेत होते, आणि मला त्यांचा अजिबात राग येत नव्हता.

कुशल हेल्मेट काखेत धरून आमच्या पिटमध्ये आला. डोळे लाल होते, पण आला, हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते. "ताई, ती जागा तुम्ही मुद्दाम सोडलीत?" त्याने मराठीत विचारलं.

"हो."

"आणि मी आलोच नसतो तर?"

"तर तू चॅम्पियन होतास," अक्का म्हणाली. "पण तुला दुसरं यायला आवडत नाही. मला आठवं यायला चालतं."

त्याने मान खाली घातली, मग तिच्या पायांशी वाकला. तिने त्याला वर घेतलं आणि पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात एका वर्तमानपत्राचा रिपोर्टर अप्पाजींना शोधत आला. वही उघडून त्याने इंग्रजीत विचारलं की या जुन्या गाडीत तुम्ही असं काय केलंत, इंजिनचं गुपित काय. आजूबाजूचे मेकॅनिक कान देऊन उभे राहिले. पुदुपेट्टैतल्या कुठल्याही गॅरेजवाल्याला आयुष्यात एकदा विचारला जावा असा प्रश्न होता तो.

अप्पाजी गाडीकडे वळलेसुद्धा नाहीत. "गुपित काय नाहीं," ते म्हणाले, आणि त्याला कळावं म्हणून प्रत्येक वाक्य मागोमाग तमिळमध्येही सांगत गेले. "गाडी मंद अहे. काल मंद होती, अज पण मंद अहे. दुसरं कोणी बसलं असतं तर हरलं असतं."

रिपोर्टरने गॅरेजचं नाव विचारलं, मालकाचं नाव विचारलं.

"ते नक्को," अप्पाजी म्हणाले. "श्रीरंजनी लिहा. तेवढंच लिहा."